३७ पावत्या, नाव एकच: एका वाचनालयाच्या टायटलचं प्रकरण

जूनचा पहिला आठवडा, वर्गणीचे दिवस. तालुक्याच्या वाचनालयातून ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "सर, तुमच्या सॉफ्टवेअरनं पावत्या खाल्ल्या."

सॉफ्टवेअर माझं नव्हतं. गावातल्याच एका मुलानं हौसेनं लिहून दिलेलं, पुढे तो नोकरीला बंगळूरला गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पावत्याही कुणी खाल्ल्या नव्हत्या. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ३७ पीडीएफ नीट पडून होत्या. फक्त सगळ्यांचं नाव 'सार्वजनिक वाचनालय व मोफत वाचनकक्ष', आणि मागे कंसात १, २, ३ असं ३६ पर्यंत. कुठली कुणाची, हे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. सभासदांना व्हॉट्सॲपवर पावती पाठवायची पद्धत त्यांनी नुकतीच सुरू केली होती. दोघांना दुसऱ्याचीच पावती गेली, तेव्हा मला फोन.

क्रोममध्ये पान पीडीएफ म्हणून छापलं, की फाइलला सुचवलं जाणारं नाव पानाच्या टायटलवरून, म्हणजे टॅबवर दिसणाऱ्या नावावरून येतं. आणि या सगळ्या ॲपचं टायटल एकच होतं. एचटीएमएलच्या (ज्या मूळ मजकुरातून पान बनतं त्याच्या) डोक्यावर, 'हेड' या भागात, एकदा लिहिलेलं, नंतर कुणी हात न लावलेलं. ॲप एका पानाचं; यादी, पुस्तक, सभासद, पावती हे सगळं जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, आतल्या आत बदलते, पत्तासुद्धा बदलते. ब्राउझरच्या दृष्टीनं मात्र पान तेच, म्हणून नावही तेच.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष गेलो. काउंटरवरच्या जुन्या मॉनिटरवर नऊ टॅब उघडे, आणि नऊच्या नऊ टॅबवर 'सार्व…'. मॅडम एकेक टॅब दाबून बघायच्या आणि हवा तो सापडला की थांबायच्या. सहा महिने असंच चाललं होतं. त्याबद्दल तक्रार कधीच आली नाही, कारण त्यांना वाटायचं, टॅब म्हणजे असेच असतात.

कोड उघडला तर गंमत. त्या मुलानं टायटलचा विचार केलेला होता! प्रत्येक ठिकाणी हिस्टरी.पुशस्टेट (पान लोड न करता पत्ता बदलून ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद टाकणारी आज्ञा) बोलावताना दुसऱ्या जागी पुस्तकाचं नाव इमानदारीनं दिलेलं. पुशस्टेटला तीन गोष्टी द्यायच्या असतात: स्थिती, टायटल आणि पत्ता. यातलं मधलं टायटल सफारीचा अपवाद सोडला तर ब्राउझर वाचतच नाहीत. एचटीएमएलच्या मानकात आता त्या जागेचं नावच 'न वापरलेलं' असं आहे. जागा काढता येत नाही, कारण जुन्या साइट मोडतील. म्हणून रिकामी अवतरणं द्यायची आणि पुढे जायचं. त्या मुलानं चूक केली असं मी म्हणणार नाही. ज्या जागेचं नाव वर्षानुवर्षं 'टायटल' होतं, तिथे टायटल लिहिलं. नाव बदलायचं ते डॉक्युमेंट.टायटल या ओळीनं, दुसरीकडे कुठेही नाही.

मग मी ती ओळ घातली, आणि चुकीच्या जागी घातली. पुशस्टेटच्या आधी. टॅबवर नाव बरोबर दिसायला लागलं, मी खूश. मॅडमनी मागे जायच्या बाणावर माऊस दाबून धरला (ही युक्ती त्यांना माझ्याआधीपासून माहीत होती), आणि खाली उघडलेल्या यादीत सगळी नावं एक घर सरकलेली. यादीच्या पानाला पुस्तकाचं नाव, पुस्तकाला सभासदाचं. कारण सरळ आहे: टायटल बदलतं तेव्हा जी नोंद चालू असते, तिलाच ते चिकटतं. पुशस्टेट व्हायच्या आधी चालू नोंद म्हणजे जुनं पान. म्हणजे आधी पुशस्टेट, मग टायटल. दोन ओळींची अदलाबदल, पण डोळ्यासमोर ती यादी आली नसती तर मला आणखी सहा महिने कळलं नसतं.

मागे गेल्यावर टायटलही आपोआप मागे जाईल, ही दुसरी समजूत. जात नाही. पत्ता मागे जातो, पॉपस्टेट नावाचा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना, येतो, आणि टायटल जिथल्या तिथे. म्हणून टायटल ठरवणारं एकच फंक्शन केलं. पत्ता घ्यायचा, त्यावरून नाव काढायचं. पुढे जाताना तेच, मागे येताना तेच, पान पहिल्यांदा उघडतानाही तेच. टायटल लिहिणारी दुसरी ओळ अख्ख्या ॲपमध्ये ठेवली नाही.

तरी एक भूत राहिलं. वाचनालयाचं इंटरनेट म्हणजे आनंदच. पुस्तकाचं पान दाबलं, माहिती यायला उशीर, तेवढ्यात मॅडम कंटाळून सभासदांच्या पानावर गेल्या, आणि तीन सेकंदांनी मागून आलेल्या उत्तरानं सभासदाच्या टॅबवर पुस्तकाचं नाव चढवलं. उपाय नेहमीचाच: उत्तर आल्यावर आधी बघायचं, आपण अजून त्याच पत्त्यावर आहोत का, नसलो तर गप्प बसायचं. हे तपासायला मी सुरुवातीला वेगळाच शहाणपणा केला होता. आपण लावलेलं नाव आणि डॉक्युमेंट.टायटल वाचून आलेलं नाव सारखं आहे का, हे बघायचो. काही पुस्तकांना ते कधीच सारखं येईना. त्या नोंदी टाइप करताना कुणीतरी दोन शब्दांत दोन मोकळ्या जागा सोडल्या होत्या, आणि डॉक्युमेंट.टायटल वाचताना ब्राउझर सलग मोकळ्या जागांची एक करून देतो, कडेच्या काढूनच टाकतो. लिहिलं तेच परत मिळेल ही अपेक्षा इथे धरायची नाही. पत्ता तपासा, नाव नको.

आता नाव कसं लिहायचं? पहिल्या फेरीत मी संस्थेचं नाव आधी आणि पुस्तकाचं नंतर ठेवलं, कारण लेटरहेडवर तसं असतं. टॅबवर परत 'सार्व…'. टॅब अरुंद असतो. जे वेगळं आहे ते पुढे आलं पाहिजे. पुस्तक, मग आडवी रेघ, मग वाचनालय. समितीच्या एका सदस्यांना संस्थेचं नाव मागे गेलेलं आवडलं नाही. त्यांना नऊ टॅब उघडून दाखवले, मग आवडलं.

लांब नावं कापायची हौसही मला होती. वीस अक्षरांनंतर तीन टिंबं. हे मराठीत करू नये, आणि का करू नये ते एका शब्दावर दाखवतो. यादीत एक विभाग आहे, 'व्यक्तिचित्रे'. आपल्याला त्यात चार अक्षरं दिसतात: व्य, क्ति, चि, त्रे. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती सांगते १३, कारण हलन्त, वेलांटी, मात्रा सगळं ती वेगवेगळं मोजते. पहिले पाच तुकडे कापले, की हाती येतं 'व्यक्'. पाय मोडलेला क आणि पुढे तीन टिंबं. इंटल.सेगमेंटर नावाची सोय आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. ती शब्द अक्षरांत तोडून देते. पण देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या संगणकीय मानकाच्या) १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीचे नियम पाळणारा ब्राउझर याच शब्दाचे सात तुकडे करतो, नंतरचा चार. काउंटरवरच्या संगणकात कुठला ब्राउझर निघेल याची खात्री कोण देणार? कापाकापी काढून टाकली. टॅबवर नाव बसत नसेल तर ब्राउझर स्वतः कापतो, आणि पूर्ण नाव माऊस नेल्यावर दाखवतो.

पावत्यांचं काम आता सोपं वाटत होतं. छपाई सुरू होण्याआधी आणि संपल्यावर ब्राउझर बिफोरप्रिंट आणि आफ्टरप्रिंट असे दोन इव्हेंट देतो. एकात टायटल बदलायचं, दुसऱ्यात पूर्ववत करायचं, असा घाट घातला होता. अर्धं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पावतीच्या पानाला स्वतःचा पत्ता आहेच. मग त्याचं टायटलच 'पावती, सभासद क्रमांक, तारीख' असं कायमचं का नको? सगळा घाट पुसला. तारखेत तिरप्या रेघा ठेवल्या नाहीत, कारण फाइलच्या नावात त्या चालत नाहीत आणि ब्राउझर त्यांच्या जागी आपल्या मनानं काहीतरी घालतो.

यातही एक काटा निघाला. आकडे मराठीत दिसावेत म्हणून सगळीकडे टू-लोकेल-स्ट्रिंगला (आकडे भाषेप्रमाणे लिहून देणाऱ्या आज्ञेला) 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, असं दिलेलं होतं. मराठीसाठी ते देवनागरी आकडे देतं. (हिंदीसाठी मागितलं तर इंग्रजी आकडे येतात, हा फरक पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही आपलीच चूक वाटली होती.) पडद्यावर देवनागरी आकडे छान दिसतात. पण मॅडम फाइल शोधताना कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांनी सभासद क्रमांक टाइप करतात, तो इंग्रजीत. फाइलच्या नावात देवनागरी, शोधात इंग्रजी, सापडणार काय? मग पडद्यावर मराठी आकडे ठेवले आणि टायटलपुरते इंग्रजी मागितले. 'एमआर-आयएन'च्या मागे 'यू-एनयू-लॅटन' जोडलं की तेवढं होतं. भाषाभिमानाच्या दृष्टीनं ही माघारच. पण पावती सापडते.

हे चालू असताना समितीकडून फर्मान आलं: टॅबवर 'नवीन पुस्तके आली!' असं चमकतं ठेवा. अशी चमकणारी टायटलं एके काळी सगळीकडे होती. मी नको म्हटलं. चमकण्याच्या नेमक्या त्या क्षणी कुणी बुकमार्क केला तर बुकमार्कचं नाव 'नवीन पुस्तके आली!' पडतं. शिवाय मागे पडलेल्या टॅबचं घड्याळ ब्राउझर मुद्दाम मंद करतात. क्रोममध्ये आवृत्ती ८८ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ झाकलेल्या टॅबचं टायमर मिनिटाला एकदाच जागं होऊ शकतं. म्हणजे ज्या टॅबनं लक्ष वेधायचं, तोच चमकणार मिनिटातून एकदा.

तडजोड म्हणून मॅडमच्या पॅनेलपुरता आकडा दिला. पुस्तक राखून ठेवण्याच्या किती विनंत्या पडून आहेत, तो टायटलच्या पुढे कंसात. पहिल्याच दिवशी तीन विनंत्या आल्यावर टॅबवर '(३) (२) (१) राखीव विनंत्या' अशी माळ लागली. मी चालू टायटल वाचून त्याच्या पुढे आकडा जोडत होतो, आणि चालू टायटलमध्ये आधीचा आकडा होताच. मूळ नाव वेगळं जपून ठेवायचं आणि दर वेळी त्यापासून नवं बांधायचं, एवढाच धडा. पण माळ बघून मॅडम हसल्या, आणि मला ते बरंच लागलं.

इथवर पानाच्या टायटलची गोष्ट. त्याच नावाचा दुसरा भाऊ म्हणजे पानातल्या घटकांवरचा (बटण, चित्र, ठिपका यांवरचा) टायटल ॲट्रिब्यूट, माऊस नेल्यावर पिवळट चौकट दाखवणारा. पहिल्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि या दुसऱ्याच्या अंगावर सगळा संसार टाकलेला होता. यादीत प्रत्येक पुस्तकापुढे एक ठिपका. हिरवा, लाल, पिवळा. हिरव्याचा अर्थ 'उपलब्ध', लाल म्हणजे 'बाहेर, परत येण्याची तारीख अमुक', पिवळा 'राखीव'. अर्थ मात्र फक्त टायटलमध्ये.

वाचनालयाचे बहुतेक सभासद यादी मोबाईलवर बघतात. बोटाला माऊससारखं नुसतं घुटमळता येत नाही. त्यांना दिसायचा तो नुसता लाल ठिपका, आणि मग काउंटरला फोन: "मॅडम, ते पुस्तक कधी येणार?" ती तारीख ठिपक्याच्या पोटात होती, फक्त बघायची सोय नव्हती. कीबोर्डनं चालणाऱ्यांचीही तीच गत. एचटीएमएलच्या मानकातच स्पष्ट लिहिलंय, की टायटल ॲट्रिब्यूटवर विसंबू नका, अनेक ब्राउझर तो सगळ्यांपर्यंत पोचवत नाहीत.

त्या मुलानं पुढे ठिपक्यांना बूटस्ट्रॅप या तयार कोडसंग्रहाची टूलटिप, म्हणजे माऊस नेल्यावर येणारी सजवलेली चौकट, लावली होती. ही टूलटिप सुरू होताना घटकाचा टायटल काढून घेते आणि स्वतःच्या वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवते, नाहीतर ब्राउझरची चौकट आणि हिची चौकट अशा दोन दिसतील. ठीकच आहे. पण पुस्तक परत आलं की त्याचा कोड घटकाच्या टायटलमध्ये 'उपलब्ध' लिहायचा. मग हिरव्या ठिपक्यावर माऊस नेला की वर सुबक काळ्या चौकटीत जुनीच 'बाहेर' आणि थोड्या वेळानं खाली ब्राउझरच्या चौकटीत 'उपलब्ध'. एकाच ठिपक्याची दोन साक्षी. कुठली खरी, हे मॅडम कपाटाकडे जाऊन ठरवायच्या.

आणखी एक. पुस्तकाच्या अख्ख्या कार्डालाही पुस्तकाचं नाव टायटल म्हणून दिलेलं. घटकाला स्वतःचा टायटल नसेल तर बाहेरच्याचा लागू होतो, त्यामुळे कार्डावर कुठेही माऊस नेला, लेखकाच्या नावावर, किमतीवर, चित्रावर, तरी पुस्तकाचंच नाव पुढे येऊन खालचं झाकायचं. आतल्या घटकाला रिकामा टायटल दिला की ही वारसाहक्काची साखळी तुटते. मी कार्डावरचाच काढून टाकला. जे नाव ठळक अक्षरांत समोर आहे ते पुन्हा चौकटीत कशाला?

ठिपक्याशेजारी सरळ शब्द लिहिले. 'उपलब्ध'. 'बाहेर, १९ जूनपर्यंत'. रांग थोडी उंच झाली, एका पडद्यावर पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं मावतात. काउंटरचे फोन कमी झाले असं मॅडम सांगतात. मी मोजलेले नाहीत.

सगळे टायटल मात्र उपटले नाहीत. सभासद क्रमांकाच्या रकान्याला ठराविक साचा लावला आहे; तिथे चुकीचं लिहिलं की ब्राउझर स्वतःच्या इशाऱ्यासोबत टायटलमधलं वाक्यही दाखवतो, म्हणून 'कार्डावरचा चार आकडी क्रमांक' हे तिथे राहिलं. नकाशाच्या आयफ्रेमला (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीला) टायटल हवाच, नाहीतर स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आत काय आहे ते सांगता येत नाही.

स्क्रीन रीडरचा विषय निघाला तो गुरुजींमुळे. निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली, बोलती पुस्तकं न्यायला येतात आणि घरी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. त्यांच्याकडे बसून ॲप चालवून बघितलं. चित्रांची बटणं त्यांना बऱ्यापैकी कळत होती, हे मला अनपेक्षित. बटणात मजकूर नसेल आणि दुसरं काही नाव दिलं नसेल, तर शेवटचा आधार म्हणून टायटलच नाव ठरतो. त्यामुळे 'राखून ठेवा' ऐकू यायचं. ठिपक्यांचं मात्र काहीच नाही.

पण त्यांची खरी अडचण वेगळीच. "दाबलं तरी काही झाल्यासारखं वाटतच नाही रे," ते म्हणाले. नवं पान खरोखर लोड झालं की स्क्रीन रीडर आधी टायटल वाचतो. आपल्याकडे पान लोड होतच नव्हतं. मी टायटल कितीही निष्ठेनं बदललं तरी ते बदललं म्हणून एनव्हीडीए आपण होऊन तोंड उघडत नाही. इन्सर्ट आणि टी दाबून विचारलं तर सांगतो. गुरुजी दर वेळी विचारत होते. मी पान बदलल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डचं लक्ष, मुख्य मथळ्यावर नेला. मथळ्याला टॅबइंडेक्स वजा एक द्यावा लागतो, मगच तो फोकस धरतो. आता दाबलं की पुस्तकाचं नाव ऐकू येतं. गुरुजींनी सलग पाच-सहा पुस्तकं उघडून बघितली, मग म्हणाले, "हां. आता पान उलटल्याचा आवाज येतो."

व्हॉट्सॲपचं मात्र जमलेलं नाही. पुस्तकाची लिंक पाठवली की खाली दिसणाऱ्या चौकटीत अजूनही फक्त वाचनालयाचं नाव येतं. ती चौकट बनवताना आपली जावास्क्रिप्ट चालतच नाही. सर्व्हरनं दिलेल्या मूळ एचटीएमएलमध्ये जे आहे तेच उचललं जातं. गूगल पान चालवून बघतं, तिथे शोधात नाव बरोबर येतं. व्हॉट्सॲपसाठी प्रत्येक पुस्तकाचं एचटीएमएल सर्व्हरवरूनच वेगळं द्यावं लागेल, आणि वाचनालयाचं सध्याचं होस्टिंग म्हणजे नुसत्या फायली ठेवायची जागा. रात्रीतून एकदा सगळ्या पुस्तकांची पानं तयार करून ठेवायची, असा विचार आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत खर्चाचा विषय घ्यायचा आहे.

राहिल्या त्या जुन्या ३७ पावत्या. फायलींची नावं आपोआप बदलणारी स्क्रिप्ट लिहून देतो, असं मी मॅडमना दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा कामात विसरलो. शेवटी त्यांनी एक दुपार बसून एकेक उघडली, सभासद क्रमांक बघितला आणि हातानं नावं घातली. इंग्रजी आकड्यांत.